चार नंबरची कॅसेट

मस्कत, ता. १४ नोव्हेंबर १९९७

आदरणीय बाबा,
जय भीम.

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकणार असाल तर एवढंच करा, रचनाच्या हाताला लागेल असं टाका. मोठ्या भावाचं पत्र ती तरी वाचेल.

सहा वर्षं झाली. नववीच्या गणिताच्या पेपरला तुम्ही व्हरांड्यात घंटा दिलीत आणि मी मागच्या कुंपणावरून उडी मारली. तुम्ही मला पाहिलंत हे मला माहीत आहे, कारण दुसरा ठोका पडायला जरा उशीर झाला. वीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षेची घंटा दिलीत आणि स्वतःचं पोरगं त्याच घंटेला पळालं. तेव्हापासून घरात तुम्ही माझं नाव घेत नाही असं रचना लिहिते. तुमच्या जागी मी असतो तर मीही घेतलं नसतं.

माझं काय चाललंय ते सांगतो. तीन वर्षं मुंबईत इकडेतिकडे केली. मग इथे ओमानला आलो. आधी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइपच्या कारखान्यात आठ महिने. मग निझव्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात चार महिने. दोन्हीकडे अर्बाब म्हणजे मालक वाईट नव्हते, माझ्याच पायाला चाकं आहेत. पण गेली दोन वर्षं एका जागी आहे, आणि ऐकून हसाल, ती जागा शाळा आहे.

शाळा बौशर भागात आहे. लहानशी, खाजगी, पण अभ्यासक्रम अमेरिकेचा. पोरं सगळ्या मुलखांची, ओमानी, लेबनॉनची, पाकिस्तानी, आपली. इतिहासाचे तास माझ्याकडे असतात, दिवसाला चार. इथे टीव्हीवर कॅसेट लावून शिकवायची पद्धत आहे. अमेरिका देश कसा झाला त्याच्या सहा कॅसेट आहेत, जहाजं आली तिथपासून पुढे.

त्यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. राज्य इंग्रजांचं होतं. त्यांनी चहावर कर बसवला. तिथले लोक म्हणाले, तुमच्या सभेत आमचा एक माणूस बसत नाही, मग कर कसला मागता? एके दिवशी वेष बदलून जहाजावर चढले आणि तीनशे बेचाळीस पेट्या चहा समुद्रात ओतला. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आपलं महाडचं तळं आठवलं. पाण्याच्या काठावर उभं राहून कायदा नाकारायचा, हे आपल्या घरात नवीन नाही. आजोबा तिथे होते हे तुम्ही शंभरदा सांगितलंत. मी शंभरदा ऐकलं नाही.

उत्तर लिहा असं म्हणत नाही. आईला सांगा, जेवणाचे हाल नाहीत.

स्वप्निल

मस्कत, ता. २३ जानेवारी १९९८

आदरणीय बाबा,
जय भीम.

रचनाचं पत्र आलं. म्हणते, बाबांनी तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, मग सायकल काढून शाळेत गेले. आणि दुपारी स्टाफरूममध्ये चहाचे कप ठेवता ठेवता बोलले, आमचा स्वप्निल मस्कतला इतिहासाचा मास्तर आहे. तिच्या वर्गाच्या बाईंनीच तिला सांगितलं.

मास्तर हा शब्द मी लिहिला नव्हता. पण इतक्या लांबून खोडायला रबर कुठून आणू? राहू दे.

इथे रोजे चालू आहेत, शाळा लवकर सुटते. म्हणून निवांत लिहितो. आमच्या विभागात अफशा मॅडम आहेत, मूळच्या रत्नागिरीकडच्या, वाढलेल्या मुंबईत. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि चिडल्या की पूर्ण हिंदी. त्या म्हणतात, सहा कॅसेटमध्ये चार नंबरची खरी. पहिल्या तिनात मारामारी आहे, ती कुणालाही समजते. चौथीत नुसती माणसं बसून बोलतात, आणि देश त्यातच झाला.

१७८७ चा उन्हाळा. लढाई जिंकून झालीय, आता राज्यघटना लिहायचीय. पंचावन्न माणसं एका खोलीत. बाहेर बातमी फुटू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद. अंगात लोकरीचे कोट, डोक्यावर केसांचे टोप. मी हे माझ्या खोलीतल्या नूरुद्दीनला सांगितलं. हा खेडचा, इथे हार्डवेअरच्या दुकानात आहे. तो म्हणाला, "जूनमध्ये एसी बंद करून कोट घालून बसले? मग देश कसला होतो, घामोळं होतं." पण झाला.

भांडण काय होतं ते बघा. मोठी राज्यं म्हणाली, आमची माणसं जास्त, आमची मतं जास्त. लहान राज्यं म्हणाली, मग आम्ही यायचंच कशाला? महिना महिना वाद. शेवटी तोड अशी निघाली की दोन सभा करायच्या. एका सभेत डोकी मोजायची आणि दुसऱ्या सभेत प्रत्येक राज्याला सारखीच मतं.

बाबा, हे मी आमच्या फ्लॅटवर करून पाहिलं. मोठ्या खोलीत पाच जण, छोटीत मी आणि नूरुद्दीन. टीव्हीवर काय लावायचं ते मतावर ठरायचं, म्हणजे रोज पाच विरुद्ध दोन, रोज त्यांचा मल्याळी सिनेमा. मी म्हणालो, सहा दिवस डोकी मोजा, शुक्रवारी खोल्या मोजा. खोलीला एक मत, बरोबरी झाली तर टीव्ही बंद. ते हसून हो म्हणाले. दोन शुक्रवार टीव्ही बंद राहिला. तिसऱ्या शुक्रवारी मोठी खोली आमच्या दाराशी येऊन म्हणाली, "चल भाई, बात करते हैं." नूरुद्दीन तेव्हापासून मला 'प्रेसिडेंट' म्हणतो आणि भांडी मलाच घासायला लावतो.

रचनाला दहावीला बसायचं आहे, तिला चिडवू नका.

स्वप्निल

मस्कत, ता. १३ मार्च १९९८

आदरणीय बाबा,
जय भीम.

रचनाच्या पाकिटात तुमच्या हातची एक ओळ निघाली. 'वर्गात शिकवतानाचा फोटो पाठवणे. १४ एप्रिलला लागेल.' एकच ओळ, आणि खाली तुमची सही, शाळेच्या रजिस्टरमध्ये करता तशी. सहा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. ती ओळ मी नूरुद्दीनलाही वाचून दाखवली. तो म्हणाला, "इतकंच?" मी म्हणालो, आमच्याकडे हे फार झालं.

रचनाने बाकीचं लिहिलंय. बाबासाहेबांच्या जयंतीला हेडमास्तर बाहेर जाऊन नाव काढलेल्या मुलांच्या आईवडिलांचा सत्कार करणार, त्यात तुम्ही आहात.

फोटो सोबत आहे. फळ्यावरचं अक्षर माझंच. बाकांवर मुलं दिसत नाहीत कारण इथे मुलांचे फोटो असे कुणी काढू देत नाही. मी जरा जास्तच हसलोय, तो काढणाऱ्याचा दोष.

पत्र लहान झालंय. काम फार आहे.

स्वप्निल

मस्कत, ता. २६ एप्रिल १९९८

आदरणीय बाबा,
जय भीम.

हे पत्र एकट्याने वाचा. मग कुणाला दाखवायचं ते ठरवा.

मी मास्तर नाही. मी या शाळेत शिपाई आहे.

एका ओळीत लिहिलं, कारण लांबवलं असतं तर परत काहीतरी रंगवलं असतं. टीव्ही आणि व्हीसीआर चाकांच्या गाडीवर ठेवलेले आहेत. ती गाडी मी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ढकलत नेतो. पडदे ओढतो, कॅसेट लावतो, संपली की मागे फिरवतो. फळा पुसतो, कूलरमध्ये पाणी भरतो. शिकवतात अफशा मॅडम. 'आमच्या विभागातल्या' म्हणून ज्यांना मी एका ओळीत उरकलं होतं, त्या. तास माझ्याकडे असतात हे शब्दाने खरं होतं, पण तुमची समजूत चुकीची व्हावी अशाच बेताने लिहिलं होतं. फोटो शुक्रवारचा आहे. सुट्टी होती, चाव्या माझ्याकडे असतात, नूरुद्दीनने कॅमेरा आणला. मुलांच्या फोटोचंही मी बनवून लिहिलं.

आता हे आजच का सांगतोय ते.

बुधवारी रचनाचं पत्र मिळालं. जयंतीला तुम्हाला स्टेजवर खुर्चीत बसवलं, सकाळी तुम्हीच मांडलेल्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीत. हेडमास्तरांनी फुलं दिली. माझा फोटो या हातातून त्या हातात फिरला. तुम्हाला बोलायला सांगितलं तर तुम्ही उभे राहिलात, 'जय भीम' म्हणालात आणि बसलात. आईने डोळे पुसले. रचनाने शेवटी लिहिलंय, 'दादा, बाबा त्या दिवसापासून गुणगुणतात.'

तुम्हाला गुणगुणताना मी कधी ऐकलेलं नाही. मग वाटलं, खोटं परत घेता येत नाही तर ते जरा खरं तरी करावं. निदान कॅसेट तरी नीट पाठ असावी. म्हणून चार नंबरची कॅसेट पिशवीत घालून खोलीवर आणली. शाळेबाहेर कॅसेट न्यायची नाही असा नियम आहे. गुरुवारभर थांबवून थांबवून बघितली, आणि अर्ध्यावर असताना तशीच आमच्या फ्लॅटवरच्या व्हीसीआरमध्ये ठेवली.

शुक्रवारी शारजाला फायनल. तुमच्याकडेही सगळं गाव टीव्हीसमोर असेल. आमच्या मोठ्या खोलीत हुसैनमियाँ म्हणून वयस्कर आहेत, बेकरीत कामाला. त्यांची नेमकी ड्यूटी. जाताना नूरुद्दीनला म्हणाले, "अपनी बॅटिंग रेकॉर्ड कर के रख, नहीं तो कल से पाव खरीद के खा." नूरुद्दीनने बघितलं, कॅसेट आत आहेच. रेकॉर्ड होईना. असल्या कॅसेटच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची पट्टी मोडलेली असते, वर दुसरं काही चढू नये म्हणून. पण तो पडला हार्डवेअरवाला. त्या भोकावर चिकटपट्टी लावली, "यल्ला, खलास!" म्हणजे चल, झालं, असं म्हणाला आणि बटण दाबलं.

बाबा, मी तिथेच होतो. त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि घसा बसेपर्यंत ओरडत होतो. आपण जिंकलो तेव्हा मी त्याला उचलून नाचलो. माझ्याच डोळ्यांसमोर माझीच कॅसेट पुसली जात होती आणि मी टाळ्या वाजवत होतो.

शनिवारी दुसरा तास. त्या दिवशी प्रिन्सिपल मागे खुर्ची टाकून बसले होते. वर्षातून एकदा ते मॅडमचा तास बघतात आणि मॅडमना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. मी कॅसेट लावली. पंचावन्न माणसं, बंद खिडक्या, सगळं बरोबर. निवेदक म्हणाला, आता सगळ्यात अवघड प्रश्न होता, राज्यांची डोकी मोजताना गुलामांना कसं मोजायचं?

आणि चौकार.

हिरवंगार मैदान, लोक उड्या मारतायत, आणि तेवढ्यात निम्मा वर्ग बाकांवर चढला. एका पाकिस्तानी पोराने ओरडून विचारलं, "सर, स्कोअर?" सर म्हणजे प्रिन्सिपल. ते उठले. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, मेरी गलती. कॅसेट मैं घर ले गया था." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅडमना बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, ते बोलत होते आणि मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. चूक माझी आणि मान त्यांची.

आत तीस पोरं 'मॅच लावा, मॅच लावा' करत होती. मी टीव्ही बंद केला. आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून निवेदक बोलायला लागला. इंग्रजीत, त्याच्याच चालीवर. दोन वर्षांची शाळा, दिवसाला चार वेळा, हे वाक्य न् वाक्य कानात बसलंय. जिथे कॅसेटमध्ये ढोल वाजतो तिथे मी टेबलावर बोटांनी ढोलही वाजवला. पोरं पोट धरून हसली. मग एकेक करून बाकांवरून उतरून खाली बसली. काही शब्दांचा अर्थ मला स्वतःला माहीत नव्हता, पण जागा बरोबर होत्या.

मी सांगितलं की गुलामांचे मालक म्हणाले, आमचे गुलाम पूर्ण मोजा. कशासाठी? त्यांना मत द्यायला नाही. मालकांच्या राज्याच्या खुर्च्या वाढाव्यात म्हणून. समोरचे म्हणाले, मत देत नाही तर मोजता कशाला? शेवटी ठरलं, एका गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरायचं. कॅसेटमध्ये हे एका दमात येतं आणि लगेच वाजंत्री वाजते.

वाजंत्रीच्या आधीच सालिमने हात वर केला. हा ओमानी पोरगा, एरवी मागे बसून चित्रं काढतो. म्हणाला, "कुठले दोन भाग मोजले नाहीत? हात? पाय?"

कॅसेटमध्ये याचं उत्तर नाही. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, मध्ये हिंदी घालून बोललो. म्हणालो, ते मला माहीत नाही. पण माझ्या आजोबांचं सांगतो. शेतावर कामाला मोजताना त्यांना पूर्ण मोजायचे, दोन हात, दोन पाय. तळ्यावर पाण्याला गेले की त्यांना माणसांत धरायचेच नाहीत. गुरं पाणी प्यायची, आजोबांनी प्यायचं नाही. मग एक दिवस बाबासाहेब पुढे झाले आणि त्यांच्या मागून आजोबा आणि हजारो लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. सालिमने विचारलं, "फक्त पाणी प्यायले?" मी म्हणालो, हो, फक्त पाणी. त्यासाठी त्यांना मारलं. कुणीतरी मागून म्हणालं, "फॉर वॉटर?"

मी मान वळवली तर मॅडम आणि प्रिन्सिपल आत येऊन उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. प्रिन्सिपल म्हणाले, "कंटिन्यू." मला वाटलं मॅडमना म्हणाले. ते मला म्हणाले होते. मग मी बाकीचं सांगितलं, एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या इथपर्यंत. मग घंटा झाली.

मला लेखी ताकीद मिळाली आहे, कॅसेट बाहेर नेल्याबद्दल. बरोबरच आहे. मॅडमना काही झालं नाही, ते मी पहिल्यांदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दो साल से मैं समझती थी तू खडे खडे सोता है." पुढच्या तासांनाही तेवढा भाग मीच सांगायचा असं ठरलंय, नवी कॅसेट येईपर्यंत. पगार तोच, हुद्दा तोच, कूलर तोच.

काल मनात आलं, आता बाबांना कळवावं की फोटो खरा झाला. झालाही, वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला मी गाडी ढकलत आठवीच्या वर्गाकडे निघालो होतो. तेव्हा वाटलं, हे नाही सांगितलं तर ती वीस मिनिटंही खोट्यातच जातील.

स्टाफरूममध्ये काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी तुमच्या तोंडात खोटं घातलं, ते तुम्हाला काढायला लावतोय. फुलं घेताना तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत.

तुमचा,
स्वप्निल

मस्कत, ता. २६ जून १९९८

आदरणीय बाबा,
जय भीम.

दोन महिने मी रोज टपालाच्या पेटीत हात घालत होतो. नूरुद्दीन म्हणायचा, "प्रेसिडेंट, पेटीचं बूड जाईल." काल तुमचं आंतरदेशीय हाताला लागलं. तिकडचं, परदेशात न चालणारं, वर जादा तिकिटं चिकटवलेलं, दोन ठिकाणी फिरून आलेलं. वर लिहिलेलं, 'चि. स्वप्निल यास.' नाव वाचूनच मी आधी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. मग उघडलं.

तुम्ही लिहिलंय, 'शिपाई असण्यात लपवण्यासारखे काय होते? मी वीस वर्षे काय लपवतो आहे काय?'

बाबा, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मी खोटं बोललो ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं मला वाटत होतं. ते तुमच्याच खाकी शर्टाला हसणं होतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. माफी मागतो.

पण पुढचं वाचून मी इतका हसलो की मोठ्या खोलीतले धावत आले. त्यांना हिंदीत करून सांगावं लागलं. शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलंत, माझा मुलगा मास्तर नाही, शिपाई आहे, आणि माझ्याशी खोटं बोलला. इंग्रजीचे सर हसले. तेव्हा तुम्ही ट्रे खाली ठेवलात आणि विचारलंत, 'सर, अमेरिकेच्या घटनेत तीन-पंचमांश म्हणजे काय?' त्यांना आलं नाही. कुणालाच आलं नाही. मग तुम्ही सांगितलंत, आणि चहा गार झाला म्हणून हेडमास्तरांनी दुसरा करायला लावला. हुसैनमियाँ म्हणाले, "तेरा बाप तो तेरे से तेज है." मी म्हणालो, तेच तर.

आता तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

पहिला. त्या लोकांचं पुढे काय झालं? आमच्या सहा कॅसेटमध्ये ते नाही, सहावी १७९१ ला संपते. पण मलाही तोच प्रश्न पडला होता, म्हणून सुट्टी लागायच्या आधीच मी मॅडमना विचारलं होतं. त्यांनी खाली बसून सांगितलं. नियम झाला १७८७ ला. मग मोठी लढाई झाली, त्यांच्या त्यांच्यातच. १८६५ ला गुलामी बंद झाली. आणि माणूस पूर्ण मोजायचा हे घटनेत लिहायला १८६८ उजाडलं. म्हणजे दोन-पंचमांश परत मिळायला एक्क्याऐंशी वर्षं. मॅडम म्हणाल्या, तेही कागदावर, रस्त्यात आणि शाळेत मिळायला आणखी शंभर वर्षं झगडावं लागलं. मी म्हणालो, आमच्याकडे पण तसंच. त्या म्हणाल्या, "मालूम है."

दुसरा. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेला टीव्ही आणि व्हीसीआर दोन वर्षं ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे, चालवायला कुणाला येत नाही, आणि हेडमास्तर म्हणतात, बबनराव, पोराला जमतं तर बापाला जमेल. तुम्ही विचारलंय, खरंच जमेल का? जमेल. नूरुद्दीन पुढच्या आठवड्यात रजेवर जातोय, महाडला उतरून तुमच्या हातात पाकीट देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका, आणि मॅच पुसून टाकल्याबद्दल त्याला रागावूही नका. तो म्हणतो, मॅच पुसली नाही, मॅच चढवली.

पाकिटात चार नंबरची कॅसेट आहे. बिघडलेली म्हणून शाळेने काढून टाकली, मॅडमनी ती मला दिली. अमेरिकेची कॅसेट आपल्याकडच्या टीव्हीवर नीट चालत नाही, म्हणून इथल्या रुवी बाजारातल्या एका दुकानदाराकडून चालेल अशी उतरवून घेतली आहे. मॅचही तशीच उतरली आहे.

आधी कपाटातली धूळ कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नको. व्हीसीआरच्या मागून दोन वायरी निघतात, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची, रंगाला रंग जोडा. टीव्ही लावल्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या तर घाबरू नका, रिमोटवर एव्ही लिहिलेलं बटण दाबा. कॅसेट खिडकीची बाजू वर करून, हळू. ती स्वतःच आत ओढते, तुम्ही ढकलायचं नाही. आपल्या गावात वीज जाते, गेली की कॅसेट आत अडकेल. ओढू नका. वीज आली की बाहेर येते.

दोन उभ्या रेघांचं बटण आहे, ते दाबलं की चित्र जागच्या जागी थांबतं. ते सगळ्यात महत्त्वाचं. पोरं कंटाळली की थांबवा आणि विचारा, यातला तुमच्या ओळखीचा कोण वाटतो? आमच्याकडे पोरं टोपावरून ओळखतात. तिकडे काय सांगतील ते मला कळवा.

वीस मिनिटांनी मॅच येईल. तिथे टीव्ही बंद करा. लगेच करा, एक चेंडू जरी दिसला तर तास गेला. पुढचं तोंडी सांगायचं आहे. मी ते वेगळ्या चार कागदांवर मराठीत लिहिलंय. पण कागद लागणार नाहीत. स्टाफरूममध्ये तुमचं ते एकदा सांगून झालंय.

आणि कॅसेटचा आधीचा भागही इंग्रजीत आहे. आपल्या पोरांना तो समजणार नाही आणि इंग्रजीच्या सरांना समजावून सांगायला तुम्ही बोलवणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा आवाज पूर्ण बंद करा. चित्र चालू राहू दे, माणसं तोंडं हलवू देत.

टीव्ही सुरू झाला की सवयीने तुमचे पाय व्हरांड्याकडे वळतील. मी दोन वर्षं वळवलेत. वळू देऊ नका, बाबा. टीव्हीच्या शेजारी, पोरांकडे तोंड करून उभे राहा, आणि तुम्ही बोला.

तुमचा,
स्वप्निल